सगळ्या ग्रेव्ह्यांची चव एकच का लागते?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या एका उपनगरात राहतात. घराजवळच्या चायनीज हॉटेलात त्यांचं कुटुंब आठ-नऊ वर्षं जातंय. गेल्या दिवाळीपासून ते चार वेळा गेले आणि चारही वेळा हिरमोड झाला. नूडल्सचा गोळा, मंचुरियन आतून पिठूळ, फ्राइड राइस खारट. मंचुरियन, हॉट गार्लिक आणि शेजवान अशा तीन ग्रेव्ह्या मागवल्या तर तिन्हींची चव सारखीच. रात्रभर सगळे पाणी पीत राहिले. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "काहीच बदललेलं नाही, रेसिपी तीच आहे." ताईंना विचारायचंय की नेमकं बिघडलं काय, अजिनोमोटो जास्त पडतोय का, आणि पुढच्या महिन्यात वडिलांच्या पंचाहत्तरीला वीस माणसं तिथे न्यावीत की नाही. वडिलांचं म्हणणं, जायचं तर तिथेच.

ताई, मी २६ वर्षं चायनीज भट्टीवर उभा आहे. ठाण्यात कटर म्हणून लागलो आणि पहिली दोन वर्षं फक्त कोबी, गाजर, फरसबी आणि पातीचा कांदा चिरला. आता उपनगरांतल्या छोट्या हॉटेलांची किचनं बसवून देतो, मुलांना शिकवतो. तुमचं हॉटेल मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तक्रारी इतक्या नेमक्या आहेत की आत काय चाललं असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आधी मालकांचं घेऊ. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. रेसिपी खरंच तीच असेल. माझा अंदाज असा की मास्टर, म्हणजे भट्टीवरचा मुख्य आचारी, बदललाय. तुम्ही "दिवाळीपासून" असं लिहिलंत, तिथेच माझं लक्ष गेलं. आपल्याकडच्या चायनीज किचनात बरेच कारागीर नेपाळचे, दार्जिलिंगकडचे किंवा ईशान्येकडचे असतात. नेपाळची मुलं दसऱ्याच्या सुमारास दशैंसाठी गावी जातात आणि तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, उरकून परततात. काही परततच नाहीत. दुसऱ्या शहरात दोन हजार जास्त मिळाले की तिकडे जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मग कालपर्यंत कढया घासणारा, नूडल्स उकडणारा हेल्पर भट्टीवर उभा राहतो. मालकाच्या लेखी सगळं तेच असतं. तोच सोया सॉस, तेच व्हिनेगर, तोच पुरवठादार. पण चायनीज स्वयंपाकाचा मोठा भाग कागदावर उतरतच नाही. आपली एखादी रस्साभाजी अर्धा तास मंद आचेवर असते, चुकलं तर सुधारायला वेळ मिळतो. फ्राइड राइस दोन-तीन मिनिटांत कढईतून बाहेर येतो. तेवढ्यात चुकलं तर दुरुस्तीला जागाच नसते.

ती दोन-तीन मिनिटं कशी असतात ते सांगतो, म्हणजे नूडल्सचा गोळा का होतो ते कळेल. लोखंडी कढई रिकामी तापवायची, धूर निघेपर्यंत. मग तेलाची पळी फिरवून कढईचं अंग ओलं करायचं, जास्तीचं तेल परत डब्यात ओतायचं आणि कामापुरतं ताजं तेल घालायचं. लसूण पडला की चार-पाच सेकंदांत कडा सोनेरी व्हायला लागतात, तिथेच भाजी. भाजी जेमतेम वळली की नूडल्स. सोया सॉस नूडल्सवर ओतायचा नाही, कढईच्या तापलेल्या कडेवर ओतायचा, म्हणजे तो तिथेच करपल्यासारखा होऊन त्याचा वास सगळ्या नूडल्सना लागतो. हॉटेलच्या चायनीजला जो धुराचा, घरी कधीच न येणारा वास असतो, तो इथून येतो. त्यासाठी कढई शेवटपर्यंत कडक तापलेली हवी. माझे उस्ताद कोलकात्याच्या टांग्रा या चिनी वस्तीत वाढलेले होते. ते मला भट्टीकडे पाठ करून उभं करायचे आणि विचारायचे, "आता कढईत काय चाललंय?" चर्रर्र असा कोरडा आवाज येत असेल तर भाजणं चालू आहे. तो बसका होऊन खदखद ऐकू आली की कढईत पाणी साचलंय आणि पदार्थ आता उकडला जातोय. आजही नव्या मुलाची परीक्षा मी कानानेच घेतो.

खदखद होते ती गर्दीमुळे. मागे एका हॉटेलात अशाच तक्रारी होत्या म्हणून मालकाने मला बोलावलं. शनिवारी रात्री नऊला मी भट्टीपासून हातभर अंतरावर उभा राहिलो. पार्सल आणि टेबलं मिळून हक्का नूडल्सच्या सहा प्लेटा एकदम आल्या होत्या. मुलाने सहाही एकाच कढईत टाकल्या. कोबी कढईच्या काठावरून बाहेर सांडत होता. पहिले दहा सेकंद आवाज आला, मग कढई गप्प झाली. वाफ निघाली, कोबीने पाणी सोडलं, ते पाणी नूडल्सनी पिऊन टाकलं. नूडल्स चिकटायला लागल्या म्हणून त्याने आणखी तेल घातलं. रंग फिका वाटला म्हणून आणखी सोया, चव लागेना म्हणून आणखी मीठ. बाहेर गेलेल्या सहाही प्लेटा तेलकट, खारट आणि चिकट होत्या. त्या मुलाने कष्टात काही कमी केलं नव्हतं, घामाने निथळत होता. एका कढईत दोन प्लेटांच्या वर जायचं नाही, एवढं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या किचनात आणखी एक गोष्ट दिसली. दुपारी उकडलेल्या नूडल्स गरमच टोपात भरून झाकून ठेवल्या होत्या. नूडल्स थोड्या कच्च्या असतानाच काढायच्या, लगेच थंड पाण्याखाली धरायच्या, पूर्ण निथळायच्या, तेलाचा हात लावून परातीत पसरायच्या. गरम ढीग केला की त्या आपल्याच वाफेवर शिजत राहतात. अशा नूडल्स घेऊन माझे उस्ताद उभे राहिले असते तरी गोळाच झाला असता.

आता तीन ग्रेव्ह्यांची एक चव, जो तुमचा मुख्य प्रश्न आहे. बहुतेक छोट्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर शंभर-दीडशे पदार्थ असतात आणि भट्टीवर माणूस एक. मग दुपारीच एका मोठ्या पातेल्यात तपकिरी ग्रेव्ही करून ठेवतात. आलं, लसूण, मिरची, सोया, पाणी आणि कॉर्नफ्लोअर. ऑर्डर आली की त्यातल्या दोन पळ्या घ्यायच्या. शेजवान हवं तर लाल चटणीचा चमचा, हॉट गार्लिक हवं तर टोमॅटो सॉस आणि थोडा लसूण, मंचुरियन हवं तर वरून कोथिंबीर. तळाची चव एकच राहते, तुमची जीभ बरोबर सांगत होती.

खरं तर या तिघांचा पाया वेगळा असतो. मंचुरियनमध्ये बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची ताज्या तेलात परततात आणि कोथिंबिरीची देठं घालतात. हॉट गार्लिकमध्ये लसूण भरपूर आणि चांगला खरपूस, आंबट-गोडाकडे झुकणारी चव. शेजवानचा सगळा भार सुक्या लाल मिरचीवर. बेडगी रंगाला, एखादी तिखट मिरची झणझणीतपणाला. भिजवून वाटायची आणि लसणाबरोबर तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतायची. शेवटी व्हिनेगर आणि सेलरी. ही चटणी नीट करायला पाऊण तास लागतो. बाटलीतली विकत मिळते, पण ती आधीच खारट-आंबट असते आणि ती घालूनही बाकीचं मीठ कमी करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

कॉर्नफ्लोअरबद्दल दोन शब्द, कारण ग्रेव्हीचा खळ होतो तो याच्यामुळे. कॉर्नफ्लोअरचं पाणी अगदी शेवटी, रस उकळत असताना, थोडं थोडं घालायचं. ग्रेव्ही पारदर्शक होऊन चमकली की आच बंद. तीच ग्रेव्ही तासन्‌तास गरम ठेवली, त्यात व्हिनेगरही असलं, की कॉर्नफ्लोअरची पकड सुटते आणि ती पातळ होते. मग रात्री पुन्हा कॉर्नफ्लोअर घालतात. पुन्हा पातळ, पुन्हा घालतात. नऊ-साडेनऊला तुम्हाला मिळते ती दोन-तीनदा घट्ट केलेली ग्रेव्ही. त्यात लसणाचा वास उरलेला नसतो, कारण लसूण पडला होता दुपारी.

मंचुरियन पिठूळ लागल्याचं मला जास्त वाईट वाटलं. हा पदार्थ आपल्या मुंबईतला आहे. कोलकात्यात वाढलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं तेव्हा आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला ओळखीचा पाया घेतला आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. पुढे कोबीचं व्हेज मंचुरियन आलं आणि गल्लोगल्ली पोहोचलं. "हे काही खरं चायनीज नाही" असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. हक्का हे नूडल्सच्या पद्धतीचं नाव नाही, ते कोलकात्यात येऊन चामड्याचे कारखाने आणि हॉटेलं उभी केलेल्या चिनी समाजाचं नाव आहे. त्यांनी इथल्या जिभेसाठी इथल्या सामानातून जे घडवलं ते खरंच आहे. आपलं शेजवान चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकापेक्षा फार वेगळं आहे, हे मात्र मान्य. तिकडे जीभ बधिर करणारे सिचुआन मिरे घालतात, आपण घालत नाही. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे त्या मिऱ्यांचं सख्खं भावंड आहे. मी एकदा शेजवान चटणीत तिरफळ घालून पाहिलं होतं. ज्यांच्या घरी तिरफळ असतं त्या लोकांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

तर पिठूळ का? कोबी किसून मीठ लावला की पाणी सुटतं. मिश्रण आधी करून ठेवलं तर ते सैल होतं आणि गोळे वळत नाहीत, म्हणून मैदा वाढवतात. हॉटेलात हे तासातासाने होतं. शेवटी कोबी नावापुरता राहतो आणि मैद्याचा गोळा तळला जातो. त्यात तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून लाल, आत कच्चा. कोबीचं पाणी हाताने पिळून काढायचं, पीठ तळायच्या आधी पाच मिनिटं मिसळायचं, गोळा छोट्या लिंबाएवढाच ठेवायचा, मध्यम आचेवर आत शिजेपर्यंत तळायचा आणि ऑर्डर आल्यावर कडक तेलात पुन्हा अर्धा मिनिट सोडायचा. गोळा मोडून बघा. आत हिरवी-पांढरी जाळी दिसायला हवी. एकसंध पांढरा लगदा दिसला तर पीठ जास्त आहे.

अजिनोमोटोचं सांगतो, कारण प्रत्येक जण हेच विचारतो. अजिनोमोटो हे जपानी कंपनीचं नाव, पावडरचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ती चव वेगळी काढली. टोमॅटोत, मशरूममध्ये, जुन्या चीजमध्ये तेच ग्लुटामेट असतं. त्याची भीती पसरली १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या डॉक्टरांच्या पत्रावरून. नंतर ज्या चाचण्यांत खाणाऱ्याला कशात काय आहे ते सांगितलं नव्हतं, त्यांत अजिनोमोटोमुळे त्रास होतो हे सातत्याने सिद्ध झालं नाही. माझ्या किचनात चिमूटभर असतो आणि मी तो लपवत नाही.

तुमच्या रात्रभरच्या तहानेचं कारण बहुतेक साधं मीठ आहे. एका प्लेटमध्ये ते पाच ठिकाणांहून येतं. नूडल्स किंवा भात उकडताना घातलेलं, सोया सॉसमधलं, तयार चटणीतलं, स्टॉकच्या पावडरीतलं आणि वरून घातलेलं. अजिनोमोटोतही सोडियम असतं, साधारण १२ टक्के. मिठात ३९. वाईट कारागीर बेचव पदार्थ सावरायला अजिनोमोटो ओततो हे खरं, पण त्याच हाताने तो मीठही ओततो. तुमच्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास असेल तर "अजिनोमोटो नको" एवढं सांगून पुरणार नाही. "वरून मीठ घालू नका, सोया अर्धाच घाला" असं सांगा.

चवीपलीकडच्या तीन गोष्टी मात्र पाहायलाच हव्यात. पहिली, रंग. चिकन लॉलीपॉपखालच्या चिरलेल्या कोबी-कांद्याकडे पाहा. मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि नारिंगी तवंग दिसतो. खायचा कृत्रिम रंग पाण्यात उतरतो, त्यामुळे खालचा कांदा गुलाबी होतो आणि बोटंही गुलाबी होतात. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली आणि त्याच सुमारास गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवरच बडगा उगारला, ते यामुळेच. दुसरी, तळणाचं तेल. पुन्हा पुन्हा तळल्याने तेलात तयार होणारे ठरावीक घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर आहे. गिऱ्हाइकाला मोजता येत नाही, पण घशात खवखव आणि जुन्या तेलाचा वास कळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, भात. फ्राइड राइसला गार, मोकळा भात लागतो म्हणून तो आधी करतात आणि ते योग्यच आहे. पण तो पसरून लवकर गार करून फ्रीजमध्ये जायला हवा. सकाळचा भात रात्रीपर्यंत भट्टीशेजारी टोपात राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जीवाणू वाढतो आणि त्याने तयार केलेलं विष पुन्हा परतल्याने जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या होतात. तुमच्याकडे असं काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असतं तर मी सरळ "जाऊ नका" असंच सांगितलं असतं. फ्राइड राइसला किंचितही आंबूस वास आला तर चमचा खाली ठेवा.

तर जायचं की नाही? आठ-नऊ वर्षं ज्यांनी तुम्हाला चांगलं खाऊ घातलं त्यांना मी एक संधी नक्की देईन, पण पंचाहत्तरीच्या दिवशी नाही. आधी एखाद्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी साडेसातला दोघंच जा. मालकांना तक्रारीच्या सुरात बोलू नका, फक्त विचारा, "भट्टीवर सध्या कोण आहे? आधीचे मास्टर आहेत का?" ते खरं सांगतील. मग एकच प्लेट साधा एग फ्राइड राइस मागवा, अंडं चालत नसेल तर बर्न्ट गार्लिक राइस. या पदार्थात लपवायला सॉस नसतो. दाणा सुटा आहे, प्लेटच्या तळाशी तेल साचलेलं नाही आणि पहिल्या घासाआधी तो किंचित धुराचा वास नाकाला जाणवला, तर भट्टीवरचा माणूस काम जाणतो आणि तुमचे मागचे चारही दिवस गर्दीचे होते. दाणे चिकट असतील आणि वास नुसता सोयाचा असेल, तर कार्यक्रम दुसरीकडे ठेवा आणि वडिलांसाठी त्या हॉटेलातलं त्यांचं आवडतं एखादं सूप तेवढं घेऊन या.

परीक्षा पास झाली तरी वीस माणसांनी आयत्या वेळी मेन्यूकार्ड उघडून वेगवेगळं मागवू नका. त्याने चांगला मास्टरही कोलमडतो. दोन दिवस आधी मालकांना भेटा आणि पाचच पदार्थ ठरवा. एक सूप, दोन सुके स्टार्टर, एक नूडल्स किंवा राइस, एक ग्रेव्ही. ग्रेव्ही एकच ठेवा, पण ती ताजी परतून द्या असं स्पष्ट सांगा. नूडल्स दोन-दोन प्लेटांच्या फेऱ्यांत येऊ द्या, सगळ्यांना एकदम वाढायचा आग्रह धरू नका. पहिली फेरी वडिलांच्या टेबलावर जाऊ दे. सव्वासातला बसा म्हणजे पार्सलची गर्दी सुरू व्हायच्या आत तुमचं निम्मं जेवण झालेलं असेल. आणि उरलेलं घरी न्यायचं असेल तर सुके स्टार्टरच न्या, डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवून, नाहीतर वाफेने तेही रस्त्यातच मऊ पडतील.